एका कॉटचे दोन धनी

मी आता जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी कोणीही खरं मानणार नाही. लावा पैज. आजवर कोणी मानलेलं नाही, आणि ज्या एकदोघांनी मानलं त्यांना घरच्यांनी वेड्यात काढलं. पण खोटं बोलायचं माझं वय आता राहिलं नाही. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मला काल रात्री काय जेवलो तेही आठवत नाही.

इंदिरानगरच्या बागेत संध्याकाळी आम्हा म्हाताऱ्यांची बैठक असते. चंदर असतो, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांच्या थापा ऐकून त्याचा कोणावरच विश्वास राहिलेला नाही. आणि त्या दिवशी सुलाबाई आल्या होत्या, लेकीकडं मुक्कामाला आल्या म्हणून. अंबडला देवरामशेठच्या लॉजवर सुलाबाईंची खानावळ होती. म्हणजे या गोष्टीत जेवढ्या भाकरी आहेत, त्या सगळ्या त्यांच्या हातच्या.

"बघ चंदर," मी म्हणालो, "साक्षीदार समोर बसवून सांगतोय."

"सांगा तात्या," चंदर म्हणाला. "तिकीट काढलंय, आता उतरता थोडंच येतंय."

तर ऐका. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आपण बसलोय इथं तेव्हा बाजरी होती. अंबडला कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि खेड्यापाड्यातली आमच्यासारखी पोरं कामाला येत होती. शहरात खोली घ्यायची ऐपत नाही, आणि शहर लांब. म्हणून देवरामशेठनं माळावर एक लांबच लांब पत्र्याची शेड टाकली आणि तिच्यावर पाटी लावली, लॉज. आत लोखंडी कॉटांच्या रांगा. भाड्यानं मिळायची ती कॉट, खोली नव्हे. आणि कॉटही अर्धी. रुंदीनं अर्धी नव्हे हो, वेळेनं अर्धी! दिवसपाळीवाला रात्री निजणार, रातपाळीवाला दिवसा. एक उठला की दुसरा आडवा. गादीला थंड व्हायला सवड म्हणून नव्हती. एका हिवाळ्यात तर, नाशकात द्राक्षाचे घड गोठले होते बघा, त्या हिवाळ्यात सुलाबाईंनी सरपण वाचवायला आमच्या गादीवर भाकरी भाजल्या.

"आगं बाई!" सुलाबाई म्हणाल्या. "आन् माझी चूल काय शोभेला होती?"

"एकदाच हो. पापड म्हणा हवं तर."

खिडकीजवळची कॉट माझी. माझी म्हणजे माझी आणि गोरक्षची. गोरक्ष सिन्नरकडचा. आमच्या जातीचा, माझ्याच वयाचा, अंगानंही माझ्यासारखाच काटकुळा. मी दिवसपाळी, तो रातपाळी. भेट व्हायची ती रस्त्याच्या वळणावर, मी निघालेलो, तो परतलेला. "उशीखाली शेंगदाणे ठेवलेत," मी सांगायचो. संध्याकाळी उलटं. "ढेकूण झाडलेत रे," तो सांगायचा आणि सायकल दामटायचा. सुट्टीच्या दिवशी तेवढी पंचाईत. मग एकजण कॉटवर आणि एकजण कॉटखाली, आळीपाळीनं.

त्याचा चेहरा मी फारसा नीट पाहिलेला नव्हता. पण तो कोणत्या कुशीवर झोपतो ते गादीतल्या खड्ड्यावरून मला पाठ होतं. सख्ख्या भावावर ठेवला नसता एवढा विश्वास मी त्या खड्ड्यावर ठेवला.

आता इथून पुढं तुमची परीक्षा आहे. उशीही एकच होती ना? तर माझं रात्री अर्धं राहिलेलं स्वप्न दिवसा गोरक्षला पडायचं.

"झालं," चंदर म्हणाला. "गाडी घाटातून खाली गेली."

"अरे ऐक तर! मला पहाटे स्वप्न पडलं, जिलेबीचं ताट पुढ्यात आलंय, आणि भोंगा झाला. उठलो. संध्याकाळी गोरक्ष वळणावर म्हणतो, 'भिकन, आज काय जिलेबी खाल्ली रे स्वप्नात!' माझं ताट! त्यानं पुसून खाल्लं."

हे हसण्यावारी गेलं. मैनाचं नाही गेलं.

मैना म्हणजे वणीकडच्या रंगनाथनानांची मुलगी. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला मी गडावर गेलो होतो. पायऱ्यांवर एका वानरानं एका पोरीच्या हातातला नारळ ओढला. बाकीच्या बाया ओरडत मागं सरल्या. ही पुढं गेली. कमरेवर हात ठेवून वानरापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "दे. देवीचा हाय." आणि त्या वानरानं, देवीशपथ, नारळ दोन्ही हातांनी परत दिला. वर पाया पडलं.

"पाया पडलं?"

"चंदर, तू पण पडला असतास. मी तर हसतच सुटलो. तिनं वळून पाहिलं. म्हणाली, 'हसताय काय, नारळ धरा, मला पोलकं सावरू द्या.' मी नारळ धरला. तिनं परत घेतला आणि गेली. एवढंच."

एवढंच, पण मी गडावरून खाली आलो तो आमच्या काळूमामाच्या घरीच गेलो. मामाची त्या बाजूला सोयरीक होती. म्हणालो, मामा, करीन तर हीच. मामानं रंगनाथनानांकडं शब्द टाकला. पोरगा अंबडला कारखान्यात आहे, देवरामच्या लॉजवर राहतो, खिडकीजवळची कॉट, सवडीनं जाऊन बघून या. नाना म्हणाले, बघू.

आणि इकडं गोरक्ष एके दिवशी वळणावर सायकलवरून उतरला. कधी उतरायचा नाही. म्हणाला, "भिकन, मला स्वप्नात एक पोरगी दिसती. वानराच्या हातातनं नारळ घेती. कोण रे ती?"

मी काय करावं? त्याला सगळं सांगून टाकलं. नाव, गाव, नारळ, पोलकं. मैत्री आहे म्हणून सांगितलं. आणि पोरगीच तशी होती, कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

नाना आले ते सकाळच्या एसटीनं, भावाला घेऊन. मामा बरोबर येणार होता, पण ऐन वेळी त्याचा बैल बसला. मी मशीनवर. नानांनी देवरामशेठला विचारलं, भिकन कुठला? देवरामशेठनं पान चघळत हात केला, "ती काय, खिडकीजवळची कॉट." त्या माणसाचंही चुकलं नाही. कॉट माझीच होती. वर निजलेला गोरक्ष होता.

"त्यांनी उठवलं त्याला," सुलाबाई म्हणाल्या. "ते म्हणले, आम्ही वणीकडनं पोरगा बघायला आलोय. मी म्हणलं, बघा. चहा टाकला. मला काय ठाऊक, कोणाचं स्थळ कोणाला आलंय? आन् ते पोरगं पण उठून नीट बसलं, केसाला पाणी लावलं, नानांच्या पाया पडलं."

"ऐकलंत? केसाला पाणी लावलं! आणि 'भिकन का?' विचारल्यावर काय म्हणाला?"

"हो म्हणला," सुलाबाई म्हणाल्या. "ते मी ऐकलं. मला वाटलं, झोपेत हाय."

संध्याकाळी मी परतलो तर चादर ताठ घातलेली. गोरक्षनं जन्मात चादर घातली नव्हती. मग सुलाबाईंनी सांगितलं. मी तसाच उलट्या पावली वळणावर धावलो, सायकलचं हँडल धरलं.

"गोरक्षा, माझे सासरे आले होते?"

"आले होते रे," तो म्हणाला. "झोपेत हो म्हणून बसलो. मग ते बोलायलाच लागले, मधी तोडायचं कसं? तू काळजी करू नको. सुट्टीला मीच जातो वणीला आन् सांगतो, हे असं झालं."

तुम्ही म्हणाल, तू का नाही गेलास? अहो, नवऱ्या मुलानं आपण होऊन सासरच्या दारात जायचं आणि म्हणायचं, मी तो, मला बघा? आमच्यात तोंडात शेण घातलं असतं लोकांनी. मध्ये कोणीतरी लागतंच. मामा बैलापाशी अडकलेला. आणि ज्यानं गुंता केला त्यानंच सोडवावा, असं मला वाटलं. एवढंच नाही, माझा आकाशी रंगाचा टेरिकॉटचा शर्ट होता, लग्नाकार्याला घालायचा. तो मी स्वतः त्याच्या अंगावर चढवला. म्हणालो, माझी माणसं आहेत, नीटनेटका जा.

चंदर हसला नाही. म्हणाला, "तात्या, शर्ट पण?"

"शर्ट पण."

तो गेला, आणि मी दिवसभर कॉटवर बसून राहिलो. सुट्टी, कॉटवर बसायची पाळी त्याची होती, पण तो वणीला होता. दिवेलागणीला तो आला. कपाळाला कुंकवाचा टिळा, डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर टॉवेल. मला वाटलं, माझा मान घेऊन आला. हात पुढं केला मी टोपी घ्यायला.

त्यानं टोपी काढली नाही.

"सांगितलंस का?"

"सांगितलं. दारातच सांगितलं, मी गोरक्ष, भिकन कामावर होता."

"मग?"

"नाना म्हणले, नाव काय करायचंय? आम्ही माणूस बघितला, बोलाचालीला बरा वाटला, कुळी पण जमतीय. सुपारी फोडली त्यांनी."

"आणि तू फोडू दिलीस?"

"मोठ्या माणसांपुढं काय बोलू रे?"

मी विचारलं, "आणि मैना? तिला कोणी विचारलं का?"

यावर तो खाली बघायला लागला. शर्टाचं बटण चाचपायला लागला, माझ्या शर्टाचं. म्हणाला, "तिनं चहा आणला. हळूच विचारलं, गडावर माझा नारळ धरला होता, ते तुम्हीच का?"

"मग?"

"मी हो म्हणलो."

झोपेतला 'हो' मी माफ केला असता. माणूस झोपेत काय वाट्टेल ते म्हणतो. हा 'हो' जागेपणीचा होता, चहाचा कप हातात धरून म्हटलेला. त्या पोरीनं मला पसंत केलं होतं हो. मला! आणि पदरात पडला तो.

"चेहरा नाही ओळखला तिनं?" चंदरनं विचारलं.

"वानर पाया पडत असताना माझ्या चेहऱ्याकडं कोण बघतंय?"

मामा मागाहून बराच आरडाओरडा करून आला. नाना म्हणाले, फुटलेली सुपारी परत जोडता येत नाही. गोरक्ष मला म्हणाला, "आज कॉट तू घे. मी खाली निजतो." जणू काही हिशेब मिटला. तो कॉटखाली घोरत होता आणि मी वर जागा होतो. झोपलो असतो तर तीच दिसली असती, आणि उरलेली त्याला दिसली असती.

"मग केलंत काय?" चंदरनं विचारलं. आता तो पुढं सरकून बसला होता.

केलं काय? ऐक. इथंच तर लोक विश्वास ठेवत नाहीत.

लग्न वणीला, वैशाखात. सगळे म्हणाले, भिकन आता तोंड लपवून बसणार. मी पहाटे उठलो. गादी गुंडाळली, कॉट उलटी केली, डोक्यावर घेतली आणि निघालो वणीला. चालत! लोखंडी कॉट! दिंडोरीत एक म्हातारा उन्हानं दमला होता, तो म्हणाला, कुठं निघालास? म्हणालो, लग्नाला. तो वर चढून निजला, तो थेट वणीत उतरला. वाटेत एक कुत्रं पण बसलं होतं, पण ते लखमापूरलाच उतरलं.

मंडपात पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला. वाजंत्री थांबली. मी भटजीला म्हणालो, जरा दमानं. कॉट आणली ती बोहल्यापाशी ठेवली आणि म्हणालो, "गोरक्षा, आजवर अर्धी तुझी, अर्धी माझी होती. घे, आता अख्खी घे. भिकनकडून आंदण." मंडपात एकाचाही डोळा कोरडा राहिला नाही. गोरक्ष ढसाढसा रडला, शर्ट काढून माझ्या हातात द्यायला लागला. रंगनाथनानांनी पागोटं माझ्या पायावर ठेवलं. मी त्यांना उठवलं. म्हणालो, नाना, माझ्या मनात काही नाही. जिलेबी वाढा. आणि खाल्ली मी, पोटभर खाल्ली, पंगतीत बसून, हसत. आणि तेवढ्यात मैनानं अंतरपाटाच्या कडेनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं तिनं! आणि ती मला म्हणाली...

"खोटं."

सुलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"सुलाबाई, अहो, शेवट तर..."

"खोटं, भिकन. कुठली वणी आन् कुठली जिलेबी? सगळा लॉज गेला लग्नाला, देवरामशेठ पण गेला. माझा पाय सुजला होता म्हणून मी मागं राहिले. तू कॉटवर पडून होतास, भिंतीकडं तोंड करून. सकाळी तसाच, दुपारी तसाच. मी ताट घेऊन आले. म्हणलं, भिकन, ऊठ बाबा, दोन घास खा. तर तोंड न वळवता काय म्हणलास मला? 'भिकन कामावर गेलाय,' म्हणलास. 'मी गोरक्ष.'"