खुंट्यांमधलं अंतर

पहिल्या दिवशी वीस प्रश्न, शेवटच्या दिवशी तेच वीस प्रश्न. कला शाखेच्या मुलांसाठी चालणाऱ्या भूविज्ञानाच्या प्राथमिक वर्गाचा निकाल एवढ्यावरच लागतो. सरासरी पाच गुणांनी वाढली नाही तर वर्ग बंद, असं प्राचार्यांनी शिकवणाऱ्या बाईंना बजावलं होतं. ती नवावरून पंधरावर गेली.

"जिंकलात, बाई," प्राचार्य म्हणाले. "पण हा शेवटचा रकाना कसला?"

तो बाईंनी स्वतःच वाढवला होता. प्रत्येक उत्तरापुढे : हे घरी सांगाल का?

अकरावा प्रश्न असा होता : उतारावरची भेग रुंदावत असेल, तर खाली राहणाऱ्यांनी काय करावं? बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांचं उत्तर बरोबर होतं. घर सोडावं. रकान्यात बहुतेकांनी 'हो' लिहिलं होतं. त्यांची घरं सपाटीवर होती. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीनं 'नाही' लिहिलं होतं. तिचं घर दगडाच्या खाणीखाली, उतारावर होतं.

घराजवळचं काहीतरी दर आठवड्याला मोजायचं, असा वर्गाचा नेम होता. कुणी विहिरीचं पाणी मोजलं, कुणी ओढ्यातला गाळ. तिनं घरामागच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. पहिल्या आठवड्यात अंतर एकशे बारा मिलिमीटर, चौदाव्यात एकशे एकोणचाळीस.

बाईंनी तिला बोलावून घेतलं. "'नाही' का लिहिलंस?"

"सांगून झालंय, मॅडम. दोनदा."

"मग?"

"बाबा म्हणाले, तुझ्या मॅडमना विचार, त्यांच्याकडे पाच माणसांना जागा आहे का. आजीला तर हसूच आवरेना. म्हणते, कॉलेजात आता मातीचेही तास घेतात, कमाल आहे."

बाई बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहत होत्या. दुसऱ्या दिवशी मुलीची मोजमापांची वही घेऊन त्या नगरपालिकेत गेल्या.

इंजिनिअरनं पानं चाळली. "अक्षर सुरेख आहे. पण हे मुलीनं फूटपट्टीनं मोजलेलं. आम्हाला असं चालत नाही."

"मग तुम्ही मोजा."

"यंत्र दुरुस्तीला गेलंय."

"कधी येईल?"

"गेलंय, एवढंच माहीत आहे." त्यानं वही परत दिली.

पुढच्या वर्षासाठी वर्ग मंजूर झाला. प्रश्नपत्रिकेतून तेवढा रकाना काढायला प्राचार्यांनी सांगितलं. निकालात त्याचा उपयोग नव्हता.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मुलगी वही न्यायला आली. वहीला दहापैकी दहा होते. तिनं गुण पाहिले आणि वही पिशवीत टाकली.

"मॅडम, सुट्टीत मोजू का? सवय लागलीय."

"मोज," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण खालच्या बाजूला उभी राहू नकोस."

"मॅडम, घरच खालच्या बाजूला आहे," चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तसं ती म्हणाली.