पान्यावरची नळी

मिस्त्रींनी बंद केलेली बरणी त्यांच्याशिवाय कुणाला उघडत नसे. नळाचंही तेच. ते तोंड धुऊन बाहेर आले की सुनेला फडकं गुंडाळून त्या नळाशी झटापट करावी लागे. उभा जन्म बस डेपोत फिटर म्हणून गेलेला. त्या हातांना ‘पुरे’ म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं. मुलगा होता तेव्हा चेष्टा करायचा, “बाबांनी झाकण लावलं की समजायचं, या महिन्याची साखर संपली.” त्यावर मिस्त्री ठसक्यात म्हणायचे, “हसा, हसा. बस दरीत गेल्यावर कोणी हसत नाही.”

मुलगा गेला त्याला आता काही वर्षं झाली होती. मालाचा छोटा टेम्पो चालवायचा. उतारावर पुढचं चाक निखळलं आणि टेम्पो कठडा तोडून खाली गेला. चाकाचे बोल्ट तुटलेले सापडले. मिस्त्री रोज सकाळी त्याच्या चाकांचे नट आवळून देत असत. नेमकं त्या सकाळी राहिलं. ते दाढीला बसले होते, गालभर फेस होता, आणि मुलगा घाईत, “आज राहू द्या बाबा, आल्यावर बघा,” म्हणत निघूनही गेला. मिस्त्रींचा हिशोब सरळ होता. एक नट सैल पडला असणार, भार बाकीच्यांवर आला असणार, आणि एकामागून एक सगळे तुटले असणार. तसाच फेस पुसून आपण खाली गेलो असतो तर? या ‘तर’ने म्हाताऱ्याला आतून पोखरून काढलं होतं.

सून रडत बसली नाही. बसायची सोयच नव्हती. ती गाडी शिकली, शाळेच्या मुलांची ने-आण करायला एक जुनी व्हॅन घेतली आणि स्वतःच्या मुलीला, चिमणीला, शेजारच्या सीटवर बसवून कामाला लागली.

त्या व्हॅनचा ताबा मिस्त्रींनी पहिल्या दिवसापासून घेतला. चहाच्याही आधी ते गोणपाट अंथरून गाडीखाली शिरत. सायलेन्सरचा पट्टा हलवून बघत, स्टिअरिंगचे सांधे हाताने हिसडून बघत, बॅटरी, दाराच्या बिजागऱ्या, अगदी आरशाचा स्क्रूसुद्धा सोडत नसत. शेवटी चाकं. पान्याच्या दांडीवर ते हातभर लांब लोखंडी नळी चढवत. डेपोतली नळी ती. तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसाचाही जोर चौपट व्हायचा. प्रत्येक नटाला ते आणखी एक हिसका द्यायचे. हलला नाही तर दम घेऊन पुन्हा एक. समोरचा शिंपी दुकान उघडता उघडता ओरडायचा, “मिस्त्री, गाडीचा ताप पण बघून घ्या!”

मग हात पुसत मिस्त्री सुनेला म्हणायचे, “आवळलंय. जा.” आणि सून चाकांकडे एकदाही न बघता गाडी काढायची. शाळेच्या दारात कुणा आईने काळजी केली तर ती अभिमानाने सांगायची, “आमच्या गाडीला घरचा डॉक्टर आहे.”

त्या दुपारी लंबूचा फोन आला. लंबू म्हणजे पुढच्या चौकातला गॅरेजवाला. डेपोत तो मिस्त्रींच्याच हाताखाली तयार झाला होता.

“मिस्त्री, जरा गॅरेजवर येता? सगळे ठीक आहेत. वहिनी इथंच आहेत. पण या तुम्ही.”

‘सगळे ठीक आहेत’ ऐकून मिस्त्री तसेच अनवाणी निघाले. मागच्या वेळीही फोन करणाऱ्याने सुरुवात अशीच केली होती.

गॅरेजमध्ये व्हॅन जॅकवर उभी होती. सून स्टुलावर बसली होती, मांडीवर चिमणी. शाळेतून निघताना चाक पंक्चर झालं होतं. मुलांना दुसऱ्या गाडीने पाठवून ती चाक काढायला बसली, तर नट ढिम्म हलेनात. पान्यावर उभी राहिली, तरी नाही. शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्याने अंगाचा भार टाकला आणि नट सुटण्याऐवजी दोन बोल्ट कटाकट तुटून पडले.

“ट्रकवाल्याला वाटलं, त्याच्याच हातून तुटले,” सून म्हणाली. “बिचारा माफी मागत होता.”

लंबूने उरलेले बोल्ट ठोकून बाहेर काढले होते. एका फडक्यावर त्याने सगळे मांडले आणि तो उगाच हात पुसत राहिला. मिस्त्रींनी चष्मा चढवला. एक बोल्ट उचलून उजेडात धरला. कणकेचा गोळा ओढला की मधे बारीक होतो, तशी त्या बोल्टची मान बारीक झाली होती. वरचे आटे ताणून एकमेकांपासून लांब गेले होते.

“सैल होते?” त्यांनी विचारलं. समोर दिसत असूनही विचारलं.

“नाही मिस्त्री. सैल नव्हते.” लंबूचा आवाज खाली गेला. “हे बसचे बोल्ट नाहीत हो. करंगळीएवढे आहेत. यांना रोज नळी लावून ओढलं, तर हे लांब होत जातात. आणखी थोडे दिवस गेले असते तर चालत्या गाडीत...”

चिमणी टक लावून ऐकत होती. लंबूने तोंड आवरलं.

रोज कोण ओढत होतं, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी बोल्ट फडक्यावर परत ठेवला. आणि ते एकटेच घरी निघाले.

घरी येऊन त्यांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. तिच्या तळाला एक पुरचुंडी होती. टेम्पोचा सांगाडा भंगारवाल्याला देताना, चाकाच्या जागी अडकून राहिलेला एक तुटका बोल्ट त्यांनी काढून घेतला होता. मुलाच्या गाडीतली एवढीच वस्तू. आजवर ती सोडून बघायची छाती झाली नव्हती. गाठ सुटेना. ती त्यांनीच मारली होती. शेवटी कात्रीने कापावी लागली.

तीच मान. तशीच ताणलेली, तशीच बारीक.

मिस्त्री जमिनीवर बसून राहिले. डोळ्यांपुढे टेम्पोच्या चाकाजवळ उकिडवे बसलेले ते स्वतः दिसत होते, नळीवर सगळा भार टाकलेले, आणि पलीकडे हसत उभा असलेला मुलगा. पोराने किती विश्वासाने चाकं पुढे केली होती! आणि आपण रोज सकाळी, मायेने, त्याचं मरण थोडं थोडं जवळ ओढत होतो. म्हाताऱ्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं, पण रडणंसुद्धा आत कुठेतरी घट्ट बसलं होतं.

गप्प राहणं सोपं होतं. त्या पुरचुंडीची कुणाला खबर नव्हती. लंबू तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. जगात आता त्यांचं म्हणावं असं या दोघींशिवाय कोणी नव्हतं, आणि सांगितलं तर सून पुन्हा ‘बाबा’ म्हणेल याची काय खात्री? संध्याकाळी ती ओट्याशी उभी असताना मिस्त्रींनी दोन बोल्ट तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. एक त्यांनी लंबूकडून मागून आणला होता.

“हा व्हॅनचा. हा त्याच्या टेम्पोचा.”

सुनेने दोन्हीकडे पाहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे त्या दिवशी माझं राहून गेलं, म्हणून नाही झालं ते.” मिस्त्रींनी टेम्पोचा बोल्ट तिच्याकडे सरकवला. “रोज केलं, म्हणून झालं.”

तिने गॅस बंद केला. टेम्पोचा बोल्ट उचलून तिने मुठीत धरला.

“मी त्यालाच दोष देत आले, बाबा,” ती म्हणाली. “इतकी वर्षं. पाच मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं, म्हणून मनातल्या मनात भांडत होते त्याच्याशी. फोटोकडेसुद्धा नीट बघितलं नाही मी त्याच्या.”

“माझ्यावर राग काढ, पोरी. मला बोल.”

“काय बोलू?” असं म्हणून ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच मिस्त्रींनी तिचं रडणं ऐकलं. दारावर थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी लंबूने चारही चाकांना नवे बोल्ट बसवले. त्याच्याकडे एक वेगळा पाना होता. हवा तेवढा जोर झाला की तो आपणहून कट्ट वाजायचा. त्यानंतरच्या सकाळी मिस्त्री गोणपाट घेऊन बाहेर आले तेव्हा सून आधीच चाकाशी बसली होती. हातात नेलपॉलिशची जुनी, घट्ट झालेली बाटली. नवऱ्याने आणून दिलेली. तो गेल्यावर तिने ती उघडली नव्हती. प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत ती एक लाल रेघ ओढत होती.

“नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल,” ती वर न बघता म्हणाली. “हात लावायचा नाही, बाबा. नुसतं बघायचं.”

‘बाबा’ ऐकून मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि पाना?”

“लंबूभाऊंकडे दिलाय. नळीपण.”

मिस्त्री वाकून एकेक चाक बघत गेले. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले. चारही चाकं झाल्यावर ते ताठ झाले. “आवळलंय” तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“रेघा जागेवर आहेत. जा.”

सून गाडीत बसली नाही. ती पुढच्या चाकाशी खाली बसली आणि एकेका रेघेवरून डोळे फिरवू लागली. मग पलीकडच्या चाकाकडे गेली. मिस्त्री बाजूला होऊन तिला जागा देत राहिले.

“आई, उशीर होतोय,” चिमणी खिडकीतून ओरडली. “आजोबांनी बघितलंय ना सगळं?”

“हो गं,” सून म्हणाली आणि मागच्या चाकाकडे वळली.