चार तारे आणि ताईचं नाक

त्या आठवड्यात आलेल्या सुपरहिरोंच्या नव्या अंकांवर दर शनिवारी पेपरात एक रकाना यायचा, आणि तो लिहिणाऱ्याला सगळे कात्री म्हणायचे. कारण त्याचं मत ठरलेलं असायचं. मारामारी लांबली, कापा. भाषण लांबलं, कापा. नायकाचा झगा लांबला, तोही कापा. मागच्या आठवड्यात त्याचा मोर्चा बहिणींकडे वळला होता. 'प्रत्येक नायकाला एक बहीण असते,' त्याने लिहिलं होतं. 'ती चहा ठेवते, “लवकर ये हं” म्हणते आणि जाते. कथेला हिचा उपयोग काय? कापा.'

हे त्याने स्वतःच्या ताईने ठेवलेला चहा पीत पीत लिहिलं होतं, पण ते काही त्याच्या लक्षात आलं नाही. ताई कवळ्या बनवायची. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी तिच्या हातचे दात लावून हसत. कात्रीच्या रकान्यातून फार तर त्याच्या चपला निघायच्या, घर त्या दातांवर चालायचं.

या शुक्रवारी दुपारी तो नेहमीसारखा कॉमिक्सच्या दुकानातल्या स्टुलावर बसला आणि 'चुंबकवीर'चा नवा अंक उघडला. सुरुवातीलाच नायकाची बहीण चहा ठेवत होती आणि तिला नाक नव्हतं. पुढे डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आले. त्यानंतर नुसती बाहेरची रेघ, आतून भिंतीचा हिरवा रंग दिसत होता. शेवटच्या पानावर एक मागे सरकवलेली खुर्ची, आणि शेजारी चुंबकवीर निवांत जेवत बसलेला. 'वीजकन्या'तही तेच. 'काळ्या झग्या'ला तर दोन बहिणी. दोघी पुसट होत गेल्या, थोरली आधी. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही, कुणी साधं 'अगं, कुठे गेलीस?' म्हटलं नाही.

कात्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीन वेगवेगळ्या कंपन्या आणि तिन्ही त्याचं ऐकतात! बसल्या जागी त्याने मोबाईलवर रकाना लिहून पाठवून दिला. 'चार तारे. असंच कापत राहा.'

“काका, ही मंडळी माझा रकाना वाचतात वाटतं,” तो दुकानदाराला म्हणाला.

“कात्रीसाहेब, ही चित्रं काढून सहा महिने झाले असतील. तुमचं मत आलंय मागच्या शनिवारी.”

“मग?”

“मग काय? मताच्या आधीच पटला असाल तुम्ही त्यांना,” म्हणत काका खो खो हसले. त्यांची कवळी ताईनेच केलेली. तिच्यातला पुढचा दात नव्हता. काकांनी बोट लावून पाहिलं. “अरेच्चा! सकाळी तर होता.”

कात्रीचं हसू अर्ध्यावर राहिलं. का कुणास ठाऊक, तो तडक घरी निघाला.

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली. तिला नाक नव्हतं. जखम नाही, खड्डा नाही, काढायचा कंटाळा केल्यासारखी सपाट जागा.

“बघतोस काय असा? माणूस नाही पाहिलंस कधी?”

“ताई, तुझं नाक...”

“हो ना रे, चोंदलंय मेलं. वासच येत नाहीये कशाचा.”

तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. वाटी त्यांनी ताईच्या हाताजवळून नेऊन ओट्यावर ठेवली आणि निघताना कात्रीला विचारलं, “एकट्याला कंटाळा नाही का रे येत?”

कात्रीने संपादकबाईंना फोन लावला. “बाई, रकाना थांबवा.”

“पान लागलंय. मूठभर जागा आहे. बदलायचं असेल तर तेवढ्यात बदल, पण झटपट. आणि हे बघ, माणसाबद्दल लिहिशील तर माणूस दिसू दे. तुझ्या रकान्यात नुसत्या कापलेल्या जागा दिसतात.”

तो ताईच्या समोर बसला. तिचे डोळे आता दोन ठिपके झाले होते.

'बहिणीचं नाक डावीकडे किंचित कललेलं,' त्याने लिहिलं, 'लहानपणी भावाने झोपाळ्यावरून ढकललं म्हणून.' नाक आलं. तेवढंच कललेलं. ताई सणसणीत शिंकली. 'दाताचा रंग जुळवताना एक डोळा बारीक करते.' डोळे आले, एक बारीक. 'अंगठ्यावर गरम मेणाचा पांढरा डाग. उजव्या कानाला दोन भोकं, त्यातलं एक बुजलेलं.' एकेक गोष्ट जागेवर येऊन बसत होती. डाव्या कानापाशी मात्र घोडं अडलं. जेवायला तो जन्मभर तिच्या उजवीकडे बसत आला होता. डावीकडे सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत होतं, आणि तिथून भिंत हळूहळू आत शिरत होती.

“ताई, तुझा डावा कान कसा होता गं?”

“मला काय विचारतोस? मला दिसतो का तो?”

“अगं, आरशात!”

“आरशात मी लोकांचे दात बघते.”

फोन वाजायला लागला. संपादकबाईच असणार. कात्रीने डोळे मिटले आणि ठोकून दिलं, 'डावा कान मोठा, पातळ, सतत काहीतरी ऐकत असल्यासारखा.' आणि पाठवलं.

भिंत भिंतीच्या जागी गेली. थोड्या वेळाने काकांचाही फोन आला, दात सापडला म्हणून. तोंडातच होता म्हणे.

त्या संध्याकाळी कात्री पहिल्यांदाच ताईच्या डावीकडे जेवायला बसला. कान मोठा होता, पातळ होता, आणि दिव्यासमोर आला की कागदासारखा दिसत होता. दोन घास झाले आणि ताई थांबली. तो कान तिने हळूच वर केला.

“ऐकलंस?”

“काय?”

“पान उलटल्यासारखं वाटलं कुणीतरी. अगदी आपल्या डोक्यावर.”

कात्रीने वर पाहिलं नाही. तो ताठ बसला, पोट आत घेतलं, आणि कथेला आपला उपयोग काय, याचा भराभर विचार करायला लागला.