दोन बोटं

"आजी, आणखी खाली जाऊ दे," ती पोरगी म्हणाली. "एक हात खोलपर्यंत मी स्वतः तपासलंय. उंदराचं बीळसुद्धा सोडलं नाही."

वहिनीने कुदळ डोक्यावर उचलली आणि मारली. जमीन थोडी खरवडली गेली, इतकंच. पोरगी हसली, मीही हसले. वहिनीने घाम पुसला आणि म्हणाली, "खोलच मारली की."

मालाय नाव त्या पोरीचं. पलीकडच्या खोऱ्यातली. जमिनीतले बॉम्ब शोधून काढणाऱ्या बायकांच्या पथकाची ती म्होरकी होती. पाच आठवडे त्या आमच्या वावरात गुडघ्यांवर बसून काम करत होत्या. एवढ्याशा वावरातून एकसष्ट बोंबी निघाल्या. बोंबी म्हणजे पेरूएवढा लोखंडी गोळा. माझ्या लहानपणी नऊ वर्षं विमानं येत होती. त्यांनी टाकलेलं बरंचसं तेव्हाच फुटलं, उरलेलं चिखलात जाऊन झोपलं. टाकणारे ते काढायला कधी आले नाहीत. काढायला आल्या त्या मालायसारख्या, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आमच्या गावात मूल चालायला लागलं की त्याला पहिली शिकवण हीच: दोन बोटं आपली, खालचं त्यांचं. ते म्हणजे कोण, हे कुणी सांगत नसे. सांगणारा नुसता वर आभाळाकडे बघायचा. कांदा लावायचा तर दोनच बोटं खोल. खुंटा ठोकायचा तर आधी शेजाऱ्याला हाक मारायची. आम्ही डोंगरउतारावर काठीने दोन बोटं भोक पाडून भात टोकायचो आणि जे येईल ते खायचो.

माझ्या थोरल्या भावाने, थोंगदामने, एकदा हा नियम मोडला. पिल्लूभातासाठी मोडला. कोंबडीच्या पिलाच्या अंगावर असते तशी पिवळी-तपकिरी रेघ त्याच्या टरफलावर असते, म्हणून पिल्लूभात. त्याचं बी माझ्या आईने गुहेत राहिलो त्या नऊ वर्षांत बांबूच्या नळीत घालून कमरेला बांधून ठेवलं होतं. आम्ही पाला खाल्ला, रानातले कंद खाल्ले, माझी धाकटी बहीण तिथेच गेली, पण आईने नळीचं बूच उघडलं नाही. त्या भाताला मात्र खोल चिखल लागतो. थोंगदाम म्हणाला, आईने एवढं जपलं ते काय काठीने टोकायला? त्याने रेड्याला नांगर जुंपला. नांगराच्या तिसऱ्या तासाला फाळ बोंबीला लागला, आणि तो आणि रेडा दोघंही गेले. तो उपासमारीचा काळ होता. रेड्याचं मांस गावाने वाटून घेतलं. मीही घेतलं. फेंगसीवहिनीने आपला वाटा परत पाठवला.

त्यांचा मुलगा विलाय तेव्हा दहा वर्षांचा होता.

त्यानंतर वावरात गवत माजलं. वहिनीने काय केलं, तर एका मोठ्या बॉम्बचं उभं चिरलेलं रिकामं कवच आणलं, चार खांबांवर ठेवलं, ओढ्याकाठची माती टोपल्यांनी आणून त्यात भरली आणि त्या डोणीत दर वर्षी पिल्लूभात लावला. जेवढा यायचा तेवढा पुढच्या वर्षीचं बी. खायचा नाही. एकदा विलायने त्यातला मूठभर भाजून खाल्ला, तर तिने त्याला दिवसभर दाराबाहेर बसवलं होतं. तीस वर्षं तिने त्या डोणीपुढे उभं राहून काढली. मी थट्टा करायचे, वहिनी, जगात बॉम्बमध्ये भात पिकवणारी तू एकटीच. ती म्हणायची, "मग? त्यांनी आपलं भांडं इथे विसरलं, मी वापरते."

पथक येणार असं कळल्यावर तिने दोन वर्षं तीन डोणींत पेरलं आणि दोन गाडगी बी जमवलं.

वावर साफ झाल्याचा कागद हातात आला आणि आठव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. बिस्किटांचा पुडा घेऊन आला, चपला काढून वर आला, नीट बोलला. त्यांना कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, लावायचा होता. सीमेपलीकडच्या कारखान्यात त्याचा स्टार्च होतो. आजवर आमच्या वावराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. धोक्याचं होतं तोवरच ते आमचं होतं, असं माझ्या मनात आलं. गावातली पाच साफ झालेली शेतं त्यांच्याकडे गेली होती, आणि त्या घरांत आता बाजारातल्या पोत्यांतला तांदूळ यायचा.

विलायला ते पटलं होतं. तो वाईट मुलगा नाही. पण त्या संध्याकाळी जेवताना भाताचा गोळा मिरचीच्या ठेच्यात बुडवता बुडवता तो म्हणाला, "आई, मी चाळिशीचा झालो. ज्या भातासाठी बाप गेला त्याची चव कशी, ते मला ठाऊक नाही. भाजलेला मूठभर सोडला तर."

वहिनीने हातातला गोळा खाली ठेवला. मग म्हणाली, "एक हंगाम दे मला. कोठार भरलं तर तू खाशील. नाही भरलं तर दे त्यांना."

तेवढ्यावर ठरलं. विलायने यंत्राचा नांगर भाड्याने आणतो म्हटलं. वहिनीने नको म्हटलं. त्या वावरात नांगर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे काय येत असेल ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून कुणी आग्रह केला नाही. त्याने फोन्सवानच्या बाजारातून तिला आणि मला दोन नव्या कुदळी आणल्या. लांब पात्याच्या, काळा रंग दिलेल्या.

दोघी म्हाताऱ्या बारा दिवस खणत होतो. मालायने पहिल्या दिवशी आम्हाला हात धरून दाखवलं, कोपरापासून बोटांपर्यंत, एवढं खोल. मग ती दुसऱ्या गावाला गेली. आम्ही खणलं. कंबरडं मोडेपर्यंत खणलं. रात्री हातांचे फोड शेकताना वहिनी मला म्हणायची, "केओ, आज किती खोल गेलो बघितलंस? थोंगदामने बघायला हवं होतं." आणि मला खरोखर तसंच वाटत होतं.

पेरायच्या दिवशी मी म्हटलं, वहिनी, एक मूठ तरी मागे ठेव. तिने दोन्ही गाडगी उपडी केली. वरून तळावर थापट्याही मारल्या.

"तीस वर्षं ठेवलंच की गं," ती म्हणाली. "आता खायचं."

रोपं छान आली. लावणी झाली. आषाढभर वावर हिरवंगार होतं. जाणारे-येणारे बांधावर थांबायचे, म्हातारी माणसं वाकून पात हाताळायची, आणि वहिनी लग्नघरातल्या यजमानिणीसारखी मिरवायची. ओटीत भात घेऊन वाटायला निघाल्यासारखं तिने कुणाला किती द्यायचं हेही ठरवून टाकलं होतं. पहिला घास देवळात, दुसरा मालायच्या पथकातल्या पोरींना.

मग पाऊस बावीस दिवस गेला. असा तो दर वर्षीच थोडा जातो. ओढा आटला. शेजारच्या वावरातला साधा भात कोमेजला, पण तग धरून राहिला. आमचा पिवळा पडला. पाऊस परत आला तो वाऱ्यासकट, आणि सगळं वावर चटई अंथरल्यासारखं आडवं झालं.

विलाय बांधावरून खाली उतरला. त्याने एक ठोंब उपटला. तो उपटावा लागलाच नाही, नुसता उचलला गेला. मुळं सरळ खाली दोन बोटं गेली होती आणि तिथून ताटलीसारखी सपाट, आडवी पसरली होती. खालची जमीन दगडासारखी होती. तिला कुणी हात लावलाच नव्हता.

"आई, तू खणलं नाहीस," तो म्हणाला.

"खणलं की. बारा दिवस खणलं. आत्याला विचार."

त्याने मला विचारलं नाही. तो घरी गेला आणि दोन्ही कुदळी घेऊन आला. वहिनीची तिच्यापुढे धरली. पात्याचं टोक चांदीसारखं चमकत होतं, दोन बोटं. त्याच्यावर दुकानातला काळा रंग जसाच्या तसा होता. ओरखडासुद्धा नव्हता. माझीही तशीच.

वहिनीने पात्यावर आपली दोन बोटं आडवी ठेवली. रेघ बरोबर बोटाच्या कडेला लागली. तिने बोटं उचलली, परत ठेवली.

"हात थांबला असेल," ती म्हणाली. "मला कळलं नाही रे."

विलायने कुदळी खाली ठेवल्या आणि तिच्याशेजारी बांधावर बसला.  त्याने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे मी त्याच्या बाजूने नेहमी सांगते. पळिंजाशिवाय, म्हणजे पोचट दाण्यांशिवाय, काही हाती लागलं नाही. बियापुरतंही नाही. मी दोन दिवस ओंब्या चोळून पाहत होते.

कापणीच्या दिवसांत कंपनीचा ट्रॅक्टर आला. गावातली सगळी माणसं लांब झाडांखाली उभी राहिली. कागद असला तरी उभी राहिली. फाळ हातभर खाली गेला. काही झालं नाही. खालून माती वर आली, काळी, ओलसर, कुणीही न वापरलेली. एक म्हातारा म्हणाला, लोणी आहे हो लोणी.

आमच्याकडे कापणी झाली की घरची बाई वावरात जाऊन भाताच्या जीवाला हाक मारते. दाण्यादाण्याचा जीव वेगळा, लहान पोरासारखा भोळा; तो वाट चुकतो, ओंब्या गेल्या तरी मागे रेंगाळतो. उकडलेलं अंडं आणि टोपली घेऊन त्याला कोठारापर्यंत आणावं लागतं. थोंगदाम गेल्यापासून वहिनीने ते केलं नव्हतं. डोणीतल्या भाताला हाक कशाला, तो दारातच तर आहे, असं म्हणायची.

त्या दिवशी नांगरून झाल्यावर तिने अंडं उकडलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि टोपली घेतली. विलायने अडवलं नाही. मी मागोमाग गेले. नांगरलेल्या मातीत तिने पाय टाकला तो घोट्याच्या वर रुतला. ती थबकली. पायाकडे बघत राहिली. मग दुसरा पाय टाकला, आणि वावराच्या मधोमध जाऊन, पिलांना बोलवावं तशा बारीक आवाजात म्हणाली, "या रे, या. उन्हात राहू नका. घरी चला."

चारही कोपऱ्यांत ती गेली. ट्रॅक्टरवाला तंबाखू मळता मळता थांबला. मग टोपली छातीशी धरून ती निघाली, मागे वळून पाहत, कुणी मागे राहतंय का बघावं तशी. वाटेत दोनदा थांबली.

कोठारात काही नव्हतं. विलायने दार उघडून धरलं होतं. तिने टोपली आत उपडी केली आणि बाहेर येऊन उभी राहिली. विलाय दार लावायला गेला, तर तिने त्याचा हात धरला.

"थांब. बारकी मागे असतात."

आम्ही तिघं उभे राहिलो. मग तिनेच दार ओढलं, अगदी हळू, खाली उंबऱ्याकडे बघत, फटीत कुणाचा पाय सापडू नये असं.