आरपार महाराजांची रांगोळी

दीक्षितपुऱ्यातल्या धर्मशाळेच्या ओसरीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. एकोणीसशे चौतीसच्या त्या हिवाळ्यात अर्ध्या जबलपुराला आरपार महाराजांचं वेड लागलं होतं. घरातलं कुणी गेलं असेल, तर त्या माणसाचा आपल्यावर लोभ होता की राग, हे महाराज रांगोळीतून दाखवीत. आधी ते फरशीवर पिवळं वर्तुळ भरत; ते गेलेल्याचं. त्याच्यावर चढवून निळा त्रिकोण, तो तुमचा. निळा इतका दाट, की खालचं पिवळं पार गडप होई. मग शिष्य वर शाल ताणून धरी, महाराजांचे हात शालीखाली जात, मंत्र होई. शाल निघाली की त्रिकोण काचेचा झालेला. झाकलेल्या वर्तुळाची कड त्यातून हिरवट, स्वच्छ दिसे.

"दगड का चूरा है, भैया," महाराज म्हणत. "दगडाला काच करणं कोणत्या इंजिनियरला जमलं? प्रेमाला जमते. आत्मा खूश, तर निळा साफ. आत्मा नाराज, तर निळा अंधा. आपल्या हातात काय? कुछ नहीं."

विनताचा त्रिकोण काचेचा झाला. तिची थोरली बहीण शरयू, तिचा आंधळाच राहिला.

त्यांच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दोन महिने झाले होते. आठ महिने ते अंथरुणावर होते. त्यांचं पाणी, औषध, पाठीच्या जखमा सगळं शरयूनं केलं. विनता सासरहून आली ती शेवटच्या दोन दिवसांसाठी. आणि अण्णा खूश कुणावर, तर तिच्यावर. त्या दिवसापासून त्यांची आई राधाबाई शरयूच्या हातचं पाणीसुद्धा मुकाट्यानं घेऊ लागली.

"काहून नाराज होते ग ते तुझ्यावर?" एकदा तिनं विचारलंच. "काही बोलली होतीस का त्यांना?"

शरयू रात्रंदिवस तेच आठवत होती. एकदा औषध सांडलं तेव्हा ती करवादली होती. ते असेल का? पलीकडे विनता आईचे केस विंचरत हळू गुणगुणत होती, आणि शरयूला वाटलं, ती फणी हिसकून घ्यावी.

ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत असे. त्या आठवड्यात रंगमिश्रणाचा धडा होता. तिनं फळ्यावर पिवळी चकती चिकटवली, निळा त्रिकोण चिकटवला, आणि दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे हिरव्या कागदाचा बेतून कापलेला तुकडा.

"बाई, निळा कागद पातळ आहे," शकु नावाची मुलगी म्हणाली. "आतलं दिसून राहिलं."

शरयूचा हात फळ्यावरच थांबला. कागद जाड पुठ्ठ्याचे होते. आतलं काहीच दिसत नव्हतं. मिश्रणाचा रंग नेमक्या जागी ठेवला, की उरलेलं डोळे स्वतःच जुळवून घेतात. नऊ वर्षं ती हे शिकवत होती. धर्मशाळेत मात्र तिला ते सुचलं नाही. कारण त्रिकोणाकडे ती बघतच नव्हती, विनताच्या चेहऱ्याकडे बघत होती.

घरी तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं आणि रांगोळीचा डबा काढला. वर्षभर त्याला हात लावायचा नव्हता. सुतक फिटलं तरी गेलेल्याच्या घरी वर्षभर रांगोळी शिवत नाहीत. आणि महाराजांकडे जाणारे सगळे अशाच घरांतले! त्यांच्या रांगोळीत बोट घालून पाहणारं तिथे कुणी असणारच नव्हतं. तिनं नीळ घालून एक मूठ रंगवली, हळद घालून दुसरी. निळ्यावर पिवळ्याची विरळ चिमूट गोलाईनं सोडली. हिरवं. आरपार.

रविवारी ती आईला आणि विनताला घेऊन गेली. समोर बळीराम बसला होता, बरगीकडचा कोळी. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. त्यानं नुसतं विचारलं होतं, "महाराज, हात शालीखाली कशाला?" त्याचा त्रिकोण आंधळा निघाला.

"नाराज आहे तुझ्यावर," महाराज म्हणाले. "चलो, पुढचा."

बळीराम उठेना. शरयू त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"दीदी, हात मत लगाना," महाराज घाईनं म्हणाले. "घरात मौत झालेली. पाप लागेल."

"शरयू!" आईनं पदर ओढला.

"लागू दे, आई."

तिनं घरून आणलेल्या पुडीतून हळदीच्या रांगोळीची भुकटी चिमटीत घेतली आणि निळ्यावर बोटं हलकेच फिरवली. गर्दी पुढे झुकली. बळीरामच्या त्रिकोणातून वर्तुळ दिसू लागलं.

"खूश झाली जी!" मागून कुणी म्हणालं.

"मी केली खूश. अर्ध्या चिमटीत," शरयू म्हणाली. मग मधोमध भोक पाडलेला कागद तिनं त्यावर ठेवला. भोकातून फक्त हिरवी भुकटी दिसत होती. ना काच, ना वर्तुळ. कागद उचलून तिनं फुंकर मारली. हिरवं उडालं, खाली निळा जसाच्या तसा.

आता लोकांनी महाराजांची मूठ उघडायला लावली. आत पिवळी भुकटी तशीच दडलेली होती. मंत्र काही आठवेना, तेव्हा महाराजांना एकाएकी भेडाघाटला जायचं आठवलं.

"म्हणजे भैया, ती नाराज नव्हतीच?" कुणीतरी बळीरामला विचारलं. तो डोळे पुसत राहिला.

घरी परतताना विनता मागे मागे चालत होती. बड्या फुहाऱ्याच्या चौकात ती थांबली. "तुला बरं वाटलं असेल, ताई. माझ्यावरही खूश नव्हते अण्णा."

शरयूला बरं वाटलं होतं, क्षणभर. आणि त्याची तिला लाज वाटली.

"रांगोळीला काय ठाऊक अण्णा?" ती म्हणाली. "तू आलीस तेव्हा त्यांनी तुझा हात धरला होता. मी बघितलं होतं. सांगितलं नाही, कारण मला जळफळाट झाला होता."

राधाबाई दोघींच्या मध्ये उभी होती. ती शरयूला म्हणाली, "आणि तुझं नाव घेऊन ते पाणी मागायचे. मी असतानाही."

गेलेल्या माणसाचा लोभ कुणाच्या बोटांतल्या भुकटीला विचारू नये. तो जिवंतपणी ज्यांनी पाहिला, त्यांना विचारावा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात शालीबाहेर काढायला सांगावं.