अल्ताराखालची बरणी

माझ्या तोंडाशी वाकून कुणी हाक मारली, तर त्याचीच हाक घुमून परत जाते. इतकी वर्षं मी तेवढंच केलं. आज माझा आवाज ऐका. मी बरणी. चिनीमातीची, खांद्यावर तपकिरी, पोटाला मळकट पांढरी, आणि पोटाच्या उजव्या अंगाला केसाएवढी चीर. ती चीर यंदाची आहे. कशी पडली ते घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलतेय.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यासारख्या शंभर जणी होत्या. वांद्र्याला मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत आम्ही पेंढ्यात बसलो होतो. रेजिना नावाच्या नव्या नवरीने मला टिचकी मारली, कान लावला, म्हणाली, "खणखणीत आहे." आणि मला कडेवर घेऊन अंधेरीला मरोळ गावठाणात आणलं. तिचा नवरा इनास कोरिया मागून मोकळ्या हातांनी चालत होता. हाच इनास आता म्हातारा झालाय आणि सगळं गावठाण त्याला नाना म्हणतं. मीही म्हणते, सवयीने.

रेजिनाचा नाताळ ऑगस्टमध्ये सुरू व्हायचा. माझ्यात बेदाणे, सालं, टुटीफ्रुटी, वरून रम. मग चार महिने मला अल्ताराखाली, घरातल्या देव्हाऱ्याखाली ठेवायची. घरातला सगळ्यात गार आणि काळोखा कोपरा तोच. वर मोतमावलीची मूर्ती, मेणबत्ती, फुलं. "देवाच्या डोळ्यांसमोर कोण हात घालतोय?" असं ती म्हणायची. बिचारी. नवऱ्याला ओळखत नव्हती, की ओळखून होती म्हणूनच मला तिथे ठेवत होती, कोण जाणे.

रेजिना गेली. तिचा फोटो अल्तारावर आला आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. नऊ वर्षं केक दुकानातून यायचा, खोक्यात बसून, चकचकीत आणि बेचव.

यंदा मात्र रेजिनाच्या नातीने, क्लॅरिसने, माझ्यातले चिमटे ओतून टाकले. क्लॅरिस वीस वर्षांची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे नापास पेपर बघावा तसा बघतो. तिचा बाप बोटीवर. त्याचं काम लांबलं, तो आणि त्याचा पगार दोन्ही फेब्रुवारीशिवाय येणार नाहीत असं कळलं. आई हिल्डा एका दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेते. ती जुलैतच म्हणाली, "यंदा नाताळ नावापुरता."

"नावापुरता कशाला?" क्लॅरिस म्हणाली. "मी करते सगळं. घरी. आत्तापासून लागले तर काही विकत आणायला नको."

"सगळं म्हणजे?"

"केक, कुलकुल, नेवऱ्या, दारावरचा तारा, येशूचा गोठा. सगळं."

आरामखुर्चीतून नाना हसले. "कॉलेज झेपलं नाय, आणि नाताळ झेपणार हिला."

हिल्डाने त्यांना काही म्हटलं नाही. सासऱ्याला कधीच म्हणत नाही. ती मुलीकडे वळली. "करून दाखव. नीट पार पाडलंस तर तुझं बेकरीत शिकायचं खूळ ऐकते. नाहीतर जानेवारीत वसईला मावशीकडे. नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवलाय तिने."

"चालेल," क्लॅरिस म्हणाली. एवढ्या पटकन, की मलाच धसका बसला. कारण सगळ्याची सुरुवात माझ्या पोटातून होणार होती.

पोरगी भिडली कामाला. नाक्यावरच्या ज्यूसवाल्याकडून मोसंब्यांची सालं आणली. तो तशीही फेकूनच देतो. ती उकळली, कडूपणा काढला, गच्चीत वाळवली. शेजारच्या नलिनी काकूंनी आपल्या झाडाची कच्ची पपई दिली. तिचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे, पाकात शिजवलेले, अर्धे बिटाच्या रसात लाल केलेले. आणि रम? बापाने मागल्या खेपेला आणलेली एकच बाटली. क्लॅरिसने ती माझ्यावर उलटी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच उभी राहिली. "आता दुसरी नाही बरं का," असं मलाच म्हणाली. झाकणावर फडकं बांधलं आणि मला अल्ताराखाली सरकवलं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कोरड्या चमच्याने ढवळायचं, हा रेजिनाचा नियम तिने पुन्हा चालू केला.

सप्टेंबरात जत्रा आली. नानांचं यकृत जुलैत बिघडलं होतं, डॉक्टर तोडून बोलले होते. सगळं घर वांद्र्याला गेलं. नानांनी नवसाचा मेणाचा माणूस वाहिला आणि दारू सोडण्याचं वचन मोतमावलीला दिलं. मग गावठाणात सगळ्यांचं कौतुक सुरू झालं. "इनासने करून दाखवलं!" "या वयात!" वीस वर्षांच्या पोरीने पपईचे पाच किलो तुकडे केले, त्याचं कौतुक कुणी केलं नाही. म्हाताऱ्याने एक गोष्ट करणार नाही म्हटलं, तर केवढा गाजावाजा.

पुढच्या रविवारी हिल्डा आणि क्लॅरिस चर्चला गेल्या. नाना गेले नाहीत. "गुडघा धरलाय. मी मिस्सा टीव्हीवर बघतो." टीव्ही लावलासुद्धा. पाद्रीबुवा बोलत होते, आणि माझं फडकं सुटलं.

चहाची गाळणी होती त्यांच्या हातात. काय डोकं! फळं खाली पडू नयेत म्हणून गाळणी लावून स्टीलच्या पेल्यात रम ओतली. प्यायले. मग किटलीतला आपला कोरा चहा माझ्यात ओतला. रंग अगदी तोच. फडकं पुन्हा बांधलं, गाठसुद्धा क्लॅरिससारखी मारली. वर मोतमावली बघत होती, रेजिनाचा फोटो बघत होता. त्या दोघींना तोंड नाही. मला आहे, पण त्यावर झाकण.

असे चार रविवार. त्यातच ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी क्लॅरिसने मला उघडलं, नाक आत घातलं, कपाळाला आठ्या पडल्या. "फळांनी रम शोषली वाटतं," म्हणाली. रंग बघितला आणि विश्वास ठेवला. मी आतून ओरडत होते.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पोटात उलटापालट झाली. बुडबुडे, आंबट वाफ, फडकं ओलं. शनिवारी दुपारी नानांनी कान लावला आणि आतला फसफस आवाज ऐकला. त्यांचं तोंड उतरलं. इकडे तिकडे बघितलं, आणि मला दोन्ही हातांनी उचललं. छातीपर्यंत. त्यांना मला टाकायचं होतं. फुटले असते तर नुसता अपघात; म्हाताऱ्याचे हात थरथरतात, कोण काय बोलणार? पोरीचा नाताळ मात्र तिथेच संपला असता.

तेवढ्यात त्यांची नजर रेजिनाच्या फोटोवर गेली. बराच वेळ मी हवेत होते. मग त्यांनी मला खाली ठेवलं. ठेवलं कसलं, आदळलंच. धड फोडलंही नाही, धड ठेवलंही नाही. माझ्या उजव्या अंगाला टक् झालं, आणि तिथून थेंब थेंब गोड पाणी पाझरायला लागलं.

ऑक्टोबर महिन्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी असते, जपमाळेची प्रार्थना. सोमवारी नाना उशीवर गुडघे टेकून बसले. रोझरी तेच सांगतात, घरातले मोठे ना! मागे हिल्डा, क्लॅरिस. दारात नलिनी काकू, त्या हिंदू असूनही रोज येऊन बसतात, नंतर उकडलेले चणे खातात आणि गप्पा मारतात.

"नमो मरिये..." नाना म्हणाले आणि थांबले. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग निघाली होती. सरळ अल्ताराच्या दिशेने, नानांच्या उशीला वळसा घालून, माझ्याकडे. त्यांनी ती सगळ्यांच्या आधी बघितली. आणि काय केलं? वेग वाढवला. मणी असे पळायला लागले की मागच्यांना उत्तर द्यायला श्वास पुरेना. एक गुडघा सरकवून त्यांनी रांग झाकली. मुंग्या गुडघ्यावर चढल्या. तरी माणूस हलला नाही. एवढी भक्ती मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"नाना, मुंग्या," क्लॅरिस म्हणाली.

"रोझरीत बोलायचं नाय."

"अहो पायावर चढल्यात! थांबा." ती उठली, रांगेच्या मागे मागे आली आणि तिचा हात माझ्या ओल्या पोटाला लागला.

मला बाहेर ओढलं. फडकं सुटलं. वर पांढरा फेस, आणि असा वास की नलिनी काकूंनी पदर नाकाला लावला.  तीन महिने क्लॅरिसच्या चेहऱ्यावरून उतरताना मी बघितले.

"हे आंबलं कसं?" हिल्डा म्हणाली. "रमात घातलेलं आंबत नाही. आई चार-चार महिने ठेवायच्या. क्लॅरी, रम कुठे गेली?"

"मला काय माहीत?"

"मग कुणाला माहीत? घरात दिवसभर तूच असतेस."

नानांनी मान वर न करता मुंग्या झटकल्या. "मी बोलणार नव्हतो. पण पोरगी एकटी असते. मैत्रिणी येतात. हल्लीची मुलं काय काय करतात, आपल्याला कळतं का?"

"प्यायलीस तू?" हिल्डाचा आवाज चिरकला. "खरं सांग. मी उद्याच वसईला फोन लावते."

मी चिरलेली होते, आणखी चिरायला तयार होते. तुकडे तुकडे होऊन त्या म्हाताऱ्याच्या पायात घुसले असते.

क्लॅरिस रडली नाही. कोरडा चमचा आणला, माझ्यात बुडवला, स्वतः जिभेवर घेतला. डोळे मिटले. मग दुसरा चमचा भरून नानांसमोर धरला. "आजीचा नियम. पहिला चमचा घरातल्या मोठ्याने चाखायचा."

"वेड लागलं काय गं? माझं मोतमावलीला वचन आहे. रमचा थेंब ओठाला लावणार नाय."

"लावा बिनधास्त. यात रम नाहीच. चहा आहे." चमचा हलला नाही. "कोरा. गवती चहा घातलेला. या घरात तो कोण पितं, नाना?"

 बोलल्या त्या नलिनी काकू, आणि त्यांना तर काही कळलंही नव्हतं. "अगं, पाती माझ्याच कुंडीतली. दर रविवारी नेतात. तुम्ही चर्चला गेलात की लगेच येतात बघ."

हिल्डाने चमचा घेतला, हुंगला. मग सासऱ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं. नाना उठले, उशी तिथेच टाकून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

"दहा मणी राहिलेत," क्लॅरिस म्हणाली. "मी सांगते." आणि आंबट वासाच्या बोटांनी तिने रोझरी पुरी केली.

माफी? कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी हिल्डाने नवी पपई कापायला घेतली.

"एवढे बारीक?"

"त्याहून बारीक, मम्मी."

तेवढंच. क्लॅरिसला पुरलं असेल. मला नाही पुरलं. मुलीला चारचौघांत चोर म्हणता, मग चारचौघांत मागे घ्या ना.

नाताळ मात्र डोक्यावर होता आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा. रम नव्हती, म्हणून फळं गुळाच्या पाकात आणि मोसंब्याच्या रसात शिजली आणि स्टीलच्या डब्यात गेली. माझ्यात पाणी घालून पाहिलं, ते झिरपलं. क्लॅरिसने मला पुसून गच्चीत उन्हात ठेवलं. तिथून मी बाकीचं बघितलं: बांबूच्या काड्यांचा तारा, त्यावर दिवाळीच्या खोक्यांचा जपून ठेवलेला कागद, सिमेंटच्या गोण्यांचा डोंगर, पत्र्याच्या डब्यात पेरलेली नाचणी, गोठ्यातल्या गवतासाठी. नानांनाही तिथेच पीठ चाळायला बसवलं होतं. ते गुमान चाळत होते. त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. त्यांच्यासमोर चहा ठेवला जायचा, गवती चहाशिवाय.

नाताळच्या आधी मला पुन्हा घरात आणलं. पंचवीस तारखेला वसईची मावशी आली, पर्समध्ये नर्सिंगचे कागद घेऊन. केक टेबलावर आला. काळसर, किंचित एका बाजूला कललेला, आणि सुरी लावताच घरभर वास. पहिला तुकडा घरातल्या मोठ्याचा. नानांचा हात पुढे आलाच होता. क्लॅरिसने बशी त्यांच्या हातावरून नेली आणि नलिनी काकूंना दिली. "पपई तुमची." नानांचा हात हळूच मागे गेला. मला वाईट वाटलं नाही. थोडंसुद्धा नाही.

मावशीने दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, "मग जानेवारीत पाठवतेस ना हिला?"

हिल्डा बोटांवरचा चुरा चाटत होती. "नाय. ती बेकरीत शिकणार. आणि ऐक, ऑक्टोबरात मी तिला प्यायलीस का विचारलं होतं. ती प्यायली नव्हती." हे ती सगळ्यांसमोर म्हणाली, नानांकडे न बघता. मला तेव्हा पुरलं.

आता माझ्यात ओलं काही राहत नाही. क्लॅरिसने मला स्वयंपाकघरात खालच्या फळीवर ठेवलंय आणि तळलेले गोड कुलकुल भरलेत, नव्या फणीच्या दातांवर वळलेले, शिंपल्यांसारखे. तुमच्या घरात काही कमी पडलं, आंबलं, सांडलं, तर आधी घरातल्या लहानाकडे वळू नका, एवढंच माझं मागणं. थोडं वरच्या खुर्चीकडेही बघा.

काल दुपारची गोष्ट. हिल्डा कामावर, क्लॅरिस मागे भांडी घासत होती. नाना आले. माझ्यासमोर उभे राहिले, मागे वळून बघितलं. माझ्या झाकणाला त्यांचा हात लागला आणि मी आतून आखडले. झाकण खणकन वाजलं. त्यांनी आवाज दाबला नाही. एक कुलकुल उचलला, आणि घसा खाकरून म्हणाले,

"क्लॅरी, एक घेतला गं मी."

मागून नळ बंद झाला. "घ्या," ती म्हणाली. "मोजून ठेवलेत."