अण्णांचं पुण्य, ब्याण्णव किलो

दारात चपलांचा ढीग झाला होता आणि चौथ्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत जिन्यावर माणसं उभी होती. सगळी अण्णांना बसलेलं पाहायला आली होती. अण्णा फार सुंदर बसायचे अशातला भाग नाही. इतर चार माणसं बसतात तसेच बसायचे. पण ते खुर्चीत बसले की टीव्हीचं चित्र आरशासारखं स्वच्छ व्हायचं, आणि उठले की बिघडायचं.

"उठा बरं, अण्णा," लहरीमहाराज म्हणाले.

अण्णा गुडघा धरून उठले. बातम्या देणाऱ्या बाईंचं नाक कानाकडे सरकलं, मग बाई चौकोन चौकोन होऊन गोठल्या.

"बसा."

अण्णा बसले. बाईंचं नाक जागेवर आलं. दाराशी कुणीतरी डोळे पुसले.

"वायर काय, डबा काय, ही सगळी निमित्तं," महाराज बोटं हवेत फिरवत म्हणाले. "लहर येते ती आकाशातून. थकलेली असते बिचारी. तिला टेकायला पुण्यवान माणूस लागतो. या घरात तो कोण, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

तो पहिला दिवस असा.

या घरात केबल आणि इंटरनेट एकाच वायरीतून यायचं आणि दोन्ही रडतखडत यायचं. वायर दारातून शिरून गालिच्याखालून टीव्हीपर्यंत आणि तिथून कपाटातल्या इंटरनेटच्या पेटीत जायची. सून घरूनच काम करायची. एका गाद्यांच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. दोनदा ऐन तक्रारीत तिची लाइन तुटली, तेव्हा साहेबांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नका. ती तशीही कामावर जात नव्हती, पण अर्थ कळला. मग खालच्या शिंपीकाकांनी महाराजांचं नाव सुचवलं.

महाराजांनी अण्णा, मुलगा आणि सून या तिघांना स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून अर्धा तास उभं केलं. बाहेरच्या खोलीत ते एकटे लहरी झाडत होते. मग त्यांनी गालिच्यावर एक लाकडी खुर्ची ठेवली. सून बसली, काही नाही. मुलगा बसला, काही नाही. अण्णा बसले आणि तीनशे वाहिन्या एकदम दिसायला लागल्या. महाराजांनी दोन नियम घालून दिले. खुर्ची बोटभरही हलवायची नाही. आणि गालिचा उचलायचा नाही, झाडायलासुद्धा नाही, कारण लहर त्याच्याखाली विसावा घेते.

अण्णांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एकतीस वर्षं ते ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. तिथे ड्रायव्हरांनी त्यांना बरंच काही म्हटलं होतं, पुण्यवान कुणी म्हटलं नव्हतं.

पण आठवड्याभरात पुण्य जड झालं. नऊ ते सहा सुनेचं काम. सहानंतर मुलाचा टीव्हीवरचा सामना. जाहिराती लागल्या की अण्णा सुटत, तेही संडासापर्यंत. महिन्यापूर्वीच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. इमारतीला लिफ्ट नाही आणि चार मजले उतरणं शक्य नाही, म्हणून व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाई व्हिडिओवरून त्यांना तपासायच्या. म्हणजे तपासायचा प्रयत्न करायच्या.

"काका, आज चालून दाखवायचं."

अण्णा उठले. डॉक्टरबाई तोंड उघडं ठेवून गोठल्या. अण्णा आठ पावलं चालून येऊन बसले.

"...का, तुम्ही अजून बसूनच?"

"आत्ताच चालून आलो."

"मला तर दिसलं नाही."

"मी चालतो तेव्हा तुम्ही नसता."

डॉक्टरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते गुडघ्याबद्दल नसावं.

"हे बघा काका, सहा आठवड्यांत गुडघा मोकळा झाला नाही तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. चार गेलेत. दिवसातून सहा वेळा चालायचं. आणि वजन उतरवा."

संध्याकाळी पाय सरळ करायला गेलं की गुडघा फुगलेल्या दारासारखा अडायचा. अण्णांनी ते सुनेला सांगितलं. ती खाली बसून त्यांच्या गुडघ्याला तेल लावत होती.

"मला दिसतंय हो, अण्णा," ती म्हणाली. "पण एवढा महिना निभावून न्या. नोकरी गेली तर तुमची औषधं कुठून आणायची?"

तिचंही खरं होतं आणि गुडघ्याचंही खरं होतं. अण्णा त्या दोघांच्या मध्ये, खुर्चीत होते.

चालणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी निदान जेवण अर्ध्यावर आणलं. दहा दिवसांत लेंग्याची नाडी चार बोटं आत गेली, आणि चित्र लटपटायला लागलं.

"मनात संशय शिरलाय यांच्या," महाराजांनी निदान केलं. "पुण्य झिजतंय."

"अण्णा, अजून थोडा भात घ्या," मुलगा वाढायला लागला. "आज उपांत्य सामना आहे."

डॉक्टर म्हणत होत्या, उठा आणि कमी खा. घर म्हणत होतं, बसा आणि जास्त खा. अण्णांनी आयुष्यात कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं.

मात्र बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. सकाळी उपाशीपोटी चित्र लटपटायचं. जेवल्यावर स्वच्छ. सुनेनं भाजीची पिशवी क्षणभर मांडीवर ठेवली, तर आणखी स्वच्छ. जेवणाआधी कमी आणि जेवणानंतर जास्त भरते, अशी एकच गोष्ट अण्णांना ठाऊक होती, आणि ती किलोत मोजतात.

मग त्यांनी महाराजांनी इमारतीत शोधलेले बाकीचे पुण्यवान आठवून पाहिले. शिंपीकाका, सत्त्याण्णव. पहिल्या मजल्यावरच्या मावशी, एकशे चार. निवृत्त हवालदार, एकशे दहा, मिशा धरून. नजरेनं वजन ओळखण्यात अण्णांची चूक पाच किलोच्या वर कधी गेली नव्हती. सहा घरांत सहा पुण्यवान, आणि त्यांत एकही सडपातळ नाही. ज्या घरात सगळेच बारीक होते, तिथे महाराजांनी सांगितलं होतं की या घराला शाप आहे.

आता पुन्हा जिन्यावरच्या गर्दीकडे. दर रविवारी महाराज हे दर्शन घडवायचे. या रविवारी अण्णांनी मुद्दाम डॉक्टरबाईंनाही अकराची वेळ दिली होती. सुनेच्या संगणकावर त्या आल्या आणि गर्दी पाहून दचकल्या.

"गवंडीदादा," अण्णा खुर्चीतून दाराकडे बघत म्हणाले, "जिन्याच्या प्लास्टरसाठी सिमेंटच्या गोण्या आणल्यात ना? दोन आत आणा."

"कशाला?"

"बसवायच्यात."

अण्णा उठले. बातम्यांच्या बाई आणि डॉक्टरबाई एकदमच गोठल्या. गवंड्यानं एक गोणी खुर्चीवर टाकली. पन्नास किलो. पडद्यावर काही हललं नाही.

महाराज हसले. "सिमेंटला कसलं पुण्य? संशयाचं फळ आहे हे. अण्णा, बसा जागेवर. आता यांची शक्ती गेली तर मला दोष देऊ नका."

"बसा ना, अण्णा," मुलगा हळूच म्हणाला. लोक बघत होते.

गुडघा ठणकत होता. खुर्ची हाताच्या अंतरावर होती. अण्णांना क्षणभर बसावंसंही वाटलं.

"दुसरी टाका," ते म्हणाले.

दुसरी गोणी पडली. खुर्ची करकरली. बातम्यांच्या बाईंनी अडकलेलं वाक्य सोडून पुढचं सुरू केलं.

दाराशी उभ्या एका आजींनी सिमेंटला हात जोडले.

"काका कुठे गेले?" डॉक्टरबाईंचा आवाज आला. "मला इथे सिमेंट दिसतंय."

"आलो," अण्णा म्हणाले, आणि भिंतीला हात टेकत, दुखऱ्या पायावर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ पावलं चालले. वळले. परत आठ. डॉक्टरबाई गोठल्या नाहीत.

"कधीपासून चालताय तुम्ही?"

"पहिल्यापासून. तुम्ही आज आलात."

महाराज घसा खाकरून म्हणाले, "लहर मोठी दयाळू. ती जडातही..."

पण सून गालिच्याशी जाऊन बसली होती. तिनं गोण्या उतरवायला लावल्या, खुर्ची सरकवली आणि तीन आठवड्यांच्या धुळीसकट गालिचा उलटला. जिथे खुर्चीचा पुढचा पाय टेकायचा, तिथे वायर सरळ कापलेली होती. दोन्ही टोकांच्या मध्ये रबराचा जाड तुकडा, वरून चिकटपट्टी. तिनं अंगठ्यानं जोर लावून दाबलं. तांबं तांब्याला टेकलं आणि चित्र आलं. सोडलं, गेलं. घरातलं सर्वांत जड माणूस कोणतं, एवढं बघून रबर निवडायचं. बाकी काही नाही.

"हे लहरीनं स्वतः..." महाराज म्हणाले.

"चिकटपट्टीही तिनंच आणली का?" सुनेनं विचारलं. मग कामावरच्या आवाजात म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे."

शिंपीकाका सगळ्यांत आधी खाली पळाले. पाठोपाठ मावशी, मग हवालदार. थोड्याच वेळात पाच घरांतून जड खुर्च्या ओढल्याचे आवाज येऊ लागले. महाराज ढिगात आपल्या चपला शोधत होते. त्या सापडेपर्यंत हवालदार रबराचा तुकडा घेऊन वर आलेही. "गोण्या मोकळ्या झाल्या का?" गवंडी विचारत होता. "प्लास्टर अर्धं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी केबलवाल्यानं अखंड वायर टाकली. कपाटात स्टीलच्या डब्यांमागे कोंडलेली इंटरनेटची पेटी बाहेर काढून उंच, मोकळ्या जागी ठेवली. एवढंच करायचं होतं. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं, पण पहिल्या दिवशी तिघं जण डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभे होते. म्हणून सांगायचं इतकंच की कुणी डोळे मिटायला सांगितलं तर ते उघडे ठेवा. आणि कुणी म्हणालं, अमुक ठिकाणी उचलून बघायचं नाही, तर आधी तिथेच उचलून बघा. खाली खरंच पुण्य असेल तर ते तुमच्या बघण्यानं पळून जाणार नाही.

गुडघ्याला पुन्हा भूल द्यावी लागली नाही. हल्ली अण्णा रोज चार मजले उतरून फिरायला जातात. ते बाहेर असतानाही घरात टीव्ही उत्तम चालतो, याचं मात्र त्यांना थोडं वाईट वाटतं.